रेलिंग माझं, रॅम्प त्याचा

पत्राचा गोषवारा : लालबागहून एका वाचक भगिनीने लिहिलंय. वय ३४, खासगी कंपनीत नोकरी. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला आधाराचा कॅलिपर आहे, बाहेर पडताना कुबडी लागते. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो. त्याचं बोलणं परक्याला समजत नाही, म्हणून घरी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून तो बोलतो. वडील नाहीत, फ्लॅट आईच्या नावावर. चाळीच्या जागी टॉवर झाला, दोन वर्षांपूर्वी ताबा मिळाला. लिफ्ट दोन आहेत, पण गेट आणि लिफ्टच्या मध्ये ग्रॅनाइटच्या चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंची. दोन पावसाळ्यांत ताई दोनदा पडल्या. भावाला खाली आणायला दोन माणसं लागतात, ती मिळत नाहीत, त्यामुळे तो महिनोन्महिने घरातच. गणपतीत मूर्तीच्या ट्रॉलीसाठी पायऱ्यांवर फळ्या टाकल्या होत्या. त्या दिवसांत भाऊ रोज संध्याकाळी खाली उतरला, वर्गणीच्या हिशेबातली बेरजेची चूकही त्यानेच दाखवून दिली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फळ्या उचलल्या गेल्या. सोसायटी म्हणते, रॅम्पने पार्किंग जाईल, हवं तर रेलिंग लावून देतो. सेक्रेटरी काकांनी वर ऐकवलं, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." एका वकिलाने २५ हजार घेऊन एक नोटीस धाडली आणि नंतर फोन उचलणं सोडलं. आता ताई विचारतात : "वकील नकोच. माझी आणि भावाची, दोघांची केस मीच चालवते. त्याला कोर्टातलं काय कळणार? त्याच्यासाठी बोलायला मी आहेच. चालेल ना?"

ताई,

तुम्ही रेलिंगचा विषय एका ओळीत उरकलात. मी मात्र तिथेच अडकले. समजा केस उभी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला सोसायटीचे वकील कोर्टाबाहेरच्या बाकड्यापाशी येऊन म्हणतील, "मॅडम, कशाला वाढवताय? दोन्ही बाजूंना स्टीलचं रेलिंग लावतो, पायऱ्यांना खरखरीत पट्ट्या मारतो. सही करा, मिटवून टाकू." तुमच्यापुरता हा प्रस्ताव वाईट नाही. कॅलिपरचं लॉक लावून, एका हाताने रेलिंग धरून तुम्ही पावसातही उतराल. भावाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मग सही करायची की नाही? तुम्ही 'हो' म्हणालात तर तो वरच राहिला. त्याच्यासाठी 'नाही' म्हणालात तर पुढचे किती पावसाळे तुम्ही त्याच ओल्या ग्रॅनाइटवरून जायचं?

पायऱ्या त्याच चार, पण तक्रारी दोन आहेत, आणि त्या शेवटपर्यंत एकाच वाटेने जातील याची खात्री नाही. तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर याच्याच आसपास आहे.

स्वतःची बाजू स्वतः मांडायचा तुम्हाला हक्क आहे. कोर्टात त्याला 'पार्टी इन पर्सन' म्हणतात. दुसऱ्याची बाजू मांडणं ही वकिली झाली, आणि १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २९ प्रमाणे वकिली करायचा हक्क फक्त सनद असलेल्यांना. सख्खी बहीण असलात तरी. त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये एक खिडकी उघडी ठेवलीय : एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती कोर्ट वकील नसलेल्या माणसालाही उभं राहायची परवानगी देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हरिशंकर रस्तोगी प्रकरणात हेच स्पष्ट केलं, की ही परवानगी न्यायाधीशांनी तारतम्याने द्यायची असते, हक्क म्हणून ती मागता येत नाही. म्हणजे स्वतःसाठी तुम्ही हक्काने उभ्या राहाल. भावासाठी अर्ज करून, आणि तो अर्ज नामंजूरही होऊ शकतो.

"मग त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेते," असं तुमच्या मनात आलं असेल. बहुतेकांच्या येतं. मुखत्यारपत्रावर तुम्ही त्याच्या वतीने कागद दाखल करू शकता, तारखेला हजर राहू शकता. युक्तिवाद करायला मात्र पुन्हा परवानगीच लागते. आणि जे फक्त त्यालाच ठाऊक आहे, त्याची साक्ष तुम्ही त्याच्या वतीने देऊ शकत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगून ठेवलंय. दहा दिवस खाली उतरल्यावर आणि अकराव्या दिवसापासून पुन्हा खिडकीत बसल्यावर त्याला काय वाटलं, हे तुम्ही सांगितलंत तर समोरचा वकील उठून विचारणारच, "तुम्हाला कसं माहीत?"

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य. "त्याला कोर्टातलं काय कळणार?" अहो, दहा ओळी वर तुम्हीच लिहिलंय की वर्गणीच्या यादीतली चूक त्याने पकडली! मंडळाचे हिशेब ज्याला कळतात, त्याला रोजनामाही कळेल. (रोजनामा म्हणजे कोर्टात त्या-त्या तारखेला काय झालं याची नोंद. आपल्यापैकी किती जणांना तो शब्द कोर्टात जाण्याआधी माहीत असतो?) बोलणं अस्पष्ट असणं आणि समज नसणं या दोन गोष्टी आपण घरातसुद्धा नकळत एक करून टाकतो. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं डॉक्टरांसमोर, बँकेत, लग्नकार्यात त्याच्या वाटचं तुम्हीच बोलत आलात. सवय झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे तुमच्या भावाला इतर कोणाही सज्ञान माणसाइतकीच कायदेशीर क्षमता आहे. तो २७ वर्षांचा आहे, त्याच्यावर आपोआप कोणी पालक बसत नाही. आई नाही, तुम्हीही नाही. कलम १२ न्याय मिळवण्याबद्दल आहे. दिव्यांग माणसाची साक्ष, त्याचं म्हणणं, त्याच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादाच्या पद्धतीने नोंदवता यावं म्हणून लागणाऱ्या सोयी सरकारने करायच्या, असं त्यात लिहिलंय. अक्षरांची पाटी ही संवादाची पद्धतच आहे. वेळ लागेल, न्यायाधीश घड्याळ बघतील, कोणीतरी म्हणेल "बहिणीलाच विचारा ना". तेव्हा तुम्ही गप्प राहायचं. तुम्हाला हे फार जड जाणार आहे, मला कळतंय.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या नावाने लढून जिंकलेलं प्रकरण आपल्याकडे आहे. जिजा घोष यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून उतरवलं गेलं. त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १२ मे २०१६ च्या निकालाने विमान कंपनीला त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी लागली. त्यांच्यासोबत याचिकेत आपल्या मुंबईचीच 'अडॅप्ट' ही संस्था होती, पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी. वकील होते, संस्था पाठीशी होती, पण याचिकेवर पहिलं नाव त्यांचं. भावाला हे वाचून दाखवा. किंवा त्यालाच वाचू द्या.

ज्या वाचकांच्या घरातल्या व्यक्तीला खरोखरच व्यवहाराचे निर्णय समजत नाहीत, त्यांची वाट वेगळी. दिवाणी दाव्यात अशा व्यक्तीच्या वतीने 'वादमित्र' म्हणून दुसरं कोणी उभं राहतं, आणि त्या वादमित्राचं स्वतःचं हित आड येत नाही ना, हे कोर्ट बघतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर, तेव्हा आपण कुठल्या जिल्ह्यात मोडतो ते आधी बघा. पण यादीत आजाराचं नाव आहे म्हणून पालक नेमायलाच हवा असं नाही. समितीने आधी गरज आहे का हे तपासायचं असतं. तुमच्या भावाच्या बाबतीत मला ती दिसत नाही.

वकिलाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. २५ हजारांत एक नोटीस! पण एका वकिलाने फसवलं म्हणून वकीलच नको, हा निर्णय तुम्ही स्वतःपुरता घ्या. भावाचा निर्णय त्याला घेऊ द्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (१९८७) कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. स्त्री म्हणून तुम्हालाही मिळतो. केसमध्ये प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढं त्यांना पटावं लागतं. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. मग तुम्ही स्वतःसाठी स्वतः उभ्या राहा आणि भावाच्या वतीने मोफत मिळालेला वकील, अशी जोडगोळी करता येते. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच मार्ग. बाकड्यापाशी रेलिंगचा कागद पुढे येईल तेव्हा भावाच्या बाजूने बोलणारा माणूस तुमच्याहून वेगळा असेल. तुम्ही मोकळ्या मनाने रेलिंग घ्याल, आणि त्याची रॅम्पची मागणी तशीच उभी राहील.

पण कोर्टच का आणि कुठलं, हाही प्रश्न आहेच. सोसायटीविरुद्धचे सभासदाचे वाद सहकार न्यायालयात जातात, आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव आईचं आहे. म्हणजे तिथे तुम्ही दोघंही सभासद नाही. तीन माणसांची केस होईल आणि त्यातली तिसरी, तुमची आई, हिला तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही. शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घ्यायला तिची तयारी आहे का? उच्च न्यायालयात खासगी सोसायटीविरुद्ध थेट रिट याचिका चालवणं कठीण. शिवाय कामकाज इंग्रजीत, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे स्वतः केस चालवू इच्छिणाऱ्याची आधी तिथली समिती छाननी करते. (अपवाद घडतात. २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या ई-मेलवरून याच न्यायालयाने फुटपाथवरच्या खांबांचा विषय स्वतःहून दाखल करून घेतला. पण तो रस्ता होता, महापालिकेचा. तुमच्या पायऱ्या सोसायटीच्या.)

म्हणून आधी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. २०१६ च्या कायद्यातल्या 'खासगी आस्थापना' या व्याख्येत सहकारी संस्थाही येतात. आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रार साध्या कागदावर, मराठीत करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. साक्षीदार बोलवायला, कागद मागवायला त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांच्याकडच्या तक्रारीचा शेवट शिफारशीने होतो, कोर्टासारख्या हुकूमनाम्याने (डिक्रीने) नाही, हा त्यातला कच्चा दुवा. तरी समोरच्याने तीन महिन्यांत शिफारस अमलात आणायची, किंवा का आणत नाही याची कारणं आयुक्तांना आणि तुम्हाला कळवायची, असं कलम ८१ सांगतं. सेक्रेटरी काकांच्या सहीची अशी लेखी कारणं पुढे कोर्टात सोन्याच्या मोलाची. लालबागहून पुण्याला भावाला न्यायचं म्हणजे काय ते मला सांगायला नको. व्हिडिओद्वारे हजर राहू द्यावं, ही विनंती तक्रारीतच लिहा.

आता थोडं सोसायटीच्या बाजूने बोलते, रागावू नका. पायऱ्या चार, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे उंची दोन फूट. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार फार तर एकास बारा असावा लागतो. म्हणजे २४ फूट लांबी, वर वळायला सपाट जागा वेगळी. एका गाडीच्या जागेपेक्षा हे जास्तच आहे, तेव्हा "पार्किंग जाईल" ही अगदीच थाप नव्हे. कायद्यातला शब्द 'वाजवी सोयीसुविधा' असा आहे, आणि त्याच्या व्याख्येतच लिहिलंय की समोरच्यावर प्रमाणाबाहेरचा बोजा पडू नये. सोसायटी याच शब्दाला धरून बसणार. तुमचं उत्तर तयार हवं : भिंतीलगत वळवून घेतलेला रॅम्प बसतो का? उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट लावली तर किती खर्च? एखाद्या आर्किटेक्टकडून साधा नकाशा आणि दोन ठिकाणची कोटेशन घेऊन ठेवा. पत्रभर तुमचा संताप आहे, टेपने मोजलेला आकडा मात्र पायरीच्या उंचीचा एकच.

गणपतीतल्या फळ्यांचे फोटो मात्र आजच शोधा. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये ट्रॉली वर चढतानाचा व्हिडिओ असणारच. त्या फळ्या म्हणजे रॅम्प नव्हे, हे तुम्हीच आधी कबूल करा. आठ फुटी फळी असेल तर उतार एकास चार झाला. मूर्तीला मागून ढकलायला कार्यकर्ते असतात, तुमच्या भावाची खुर्ची तशी रोज ढकलणं धोक्याचंच. पण इतके दिवस तिथे उतार होता, वाहतूक अडली नाही, कोणाची गाडी गेली नाही, आणि एक माणूस रोज खाली आला, एवढं त्यातून दिसतं. पुष्कळ झालं.

स्वतः उभं राहण्याबद्दल एक स्वानुभव. मी बऱ्याच वर्षांपूर्वी आईच्या श्रवणयंत्रावरून ग्राहक मंचात गेले होते. आईला किती मनस्ताप झाला हे रात्रभर घोकून गेले. अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "बिलाची तारीख?" बिल पिशवीत होतं, पिशवीत डबा होता, डब्याखाली बिल. ते सापडेपर्यंत पुढचं प्रकरण पुकारलं गेलं आणि मला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते : एका पानावर तारखांची यादी करा, डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, पुढे कागदाचा पान क्रमांक. सोसायटीला दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. दोघांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांची ओळखपत्रं), पडल्यावरचे दवाखान्याचे कागद, पत्रव्यवहार, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, सगळ्याला सलग नंबर. आणि "मागणी काय?" याचं उत्तर तीन वाक्यांत. तात्पुरती मागणीही असू द्या, कारण कायमचा निकाल कधी लागेल कोण सांगणार. रजा काढून एक दिवस कोर्टात नुसतं मागे बसून या. कोणी हटकत नाही. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) कसा वाचायचा, पुकारा झाल्यावर किती सेकंदांत उभं राहावं लागतं, हे तिथेच कळतं. त्याच फेरीत हेही बघा की त्या इमारतीत व्हीलचेअर जाते का. पायऱ्यांविरुद्धची तक्रार घेऊन जायचं आणि कोर्टाच्या पायऱ्यांशी अडायचं, असं होऊ नये.

बाकीच्या वाचकांसाठी एवढंच, की माझ्या आईसाठी मी बोलू शकले ते ग्राहक मंच होता म्हणून. बँक, विमा, प्रवासी कंपनी अशा कोणाविरुद्ध तक्रार असेल तर ग्राहक आयोगात तक्रारदाराने लेखी नेमलेला प्रतिनिधी वकील नसला तरी चालतो. मुंबईहून गेलेल्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे मान्य केलंय. घरच्यांसाठी स्वतः उभं राहायची हौस किंवा गरज असेल तर ती जागा त्यातल्या त्यात सोयीची.

ताई, पहिलं काम कागदाचं नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर पाटी काढा आणि भावाला विचारा, त्याला काय हवंय. 'केस करू ना?' असं हो-नाहीचं विचारू नका, त्याला तुमच्या मनातलं उत्तर ओळखता येतं. त्याला कदाचित रॅम्प हवा असेल, कदाचित आधी भांडण नको असेल, कदाचित सर्वसाधारण सभेत त्यालाच पाटी घेऊन जायचं असेल. काकांसमोर अक्षर-अक्षर लावत बसलेला तो, आणि सगळी सभा थांबून बघतेय. खरं सांगू, मला ती सभा बघायला आवडेल.

आणि आयुक्तांकडे पाठवायचं ठरलं तर एका अर्जावर दोन नावं घालू नका. तुमच्या अर्जात पडल्याच्या दोन तारखा आणि तुमची मागणी. त्याच्या अर्जात त्याने पाटीवर लावलेली वाक्यं, तुम्ही न सुधारता. खाली त्याची सही किंवा अंगठा, आणि 'वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं सांगितलं' अशी नोंद घरच्याखेरीज कोणाकडून तरी. स्पीड पोस्टाची पाकिटं दोन, पोच दोन. खर्च दुप्पट येईल, तो येऊ द्या.